शिळं पाणी

१२ जानेवारी

ही डायरी लेसवाल्या शेठने दिवाळीत दिली होती. वर सोनेरी अक्षरात त्याच्या साड्यांच्या दुकानाचं नाव, आत पानापानावर गुजराती तिथी. साड्यांना लेस लावायचं काम कालपासून सोडलं. नव्या कामावरच्या प्रियाताई म्हणाल्या, रोज काय केलं ते लिहीत जा, रिपोर्ट भरताना आठवत बसावं लागत नाही. म्हणून लिहिते.

आज पालिकेच्या पाणी ऑफिसात निळा ॲप्रन मिळाला. पाठीवर 'जलसखी' छापलेलं आहे. तो इतका मोठा आहे की त्यात मी आणि वर्षा दोघी मावू. वर्षा म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. ती म्हणाली, सरकारने तुला धष्टपुष्ट समजून पास केलेलं दिसतंय.

काम असं आहे. दिल्लीहून पैसे आलेत. लिंबायतमधल्या आमच्या संतोषीनगरसारख्या काही वस्त्यांना चोवीस तास पाणी मिळणार. प्रत्येक घराला मीटर बसणार आणि मीटरमधले आकडे आपोआप ऑफिसात जाणार. कोणाकडे माणसांच्या मानाने पाणी जास्त गेलं की माझ्या मोबाईलमध्ये त्या घरासमोर लाल टिंब येणार. मग मी त्या घरी जाऊन कारण शोधायचं. वाया जाणारं पाणी कमी झालं तरच दिल्लीहून पैशाचा दुसरा हप्ता येईल.

चोवीस तास पाणी म्हटल्यावर मीटिंगमधल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मला काही वाटलं नाही.

१५ जानेवारी

कालची संक्रांत होऊन गेली. तारांवर पतंग लटकलेत. आम्ही तिळगूळ केला नाही, वर्षाने आणून दिला.

१९ जानेवारी

घरोघरची माणसं मोजायचं काम. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. मी, आत्याबाई आणि माझी लेक स्वाती. मोबाईलमध्ये तीन लिहिलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शेजारी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "चार लिख. कमी कसाले लिखस?"

मी तीनच राहू दिलं. आत्याबाईंना मोजता येत नाही असं नाही. आयुष्यभर त्यांनी पारोळ्याच्या बाजारात कोंबड्या विकल्या.

नळजोडणी स्वातीच्या पप्पांच्या नावावर आहे. नाव बदलायला मृत्यूचा दाखला लागतो. तो पेटीत आहे. पेटी उघडायची राहिली, म्हणून नाव आणि त्यांचा मोबाईल नंबर तसाच ठेवला. फोन घरीच असतो, स्वाती त्यावर गेम खेळते.

२ फेब्रुवारी

मीटर बसलं. दाराबाहेर पिवळ्या पेटीत एवढंसं मशीन. पाणी घेतलं की आतली चकती फिरते. स्वाती तासभर बघत बसली.

ऑफिसात मेसेजचं ट्रेनिंग झालं. ज्याच्याकडे लाल टिंब, त्यावर मी बोट ठेवलं की त्याच्या फोनवर मेसेज जाणार. शहर गुजरातचं, पण आमच्या वस्तीत खानदेशी लोक जास्त म्हणून मेसेज मराठीत, पण अक्षरं इंग्रजी. 'श्री अमुक, तुमच्या घरात गळती आहे. लवकर दुरुस्त करा.' मला ते 'गळती' लावायला चारदा वाचावं लागलं. बाकीच्या बायका म्हणाल्या, जाऊ दे, लोक कुठे मेसेज वाचतात.

७ फेब्रुवारी

आजपासून चोवीस तास पाणी. फीत कापली, पेढे वाटले. नळ सोडला की पाणी. दुपारी सोडला तरी पाणी. पूर्वी सकाळी तासभर यायचं, तेही नेम नाही.

आत्याबाई नळापाशी बराच वेळ उभ्या होत्या. सोडायच्या, बंद करायच्या. मी म्हटलं, खराब होईल. मग आत गेल्या.

सप्टेंबरात स्वातीचे पप्पा गेले त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. लाईनीचं काम निघालं होतं. रातपाळी करून सकाळी कारखान्यातून आले ते झोपले, आणि दुपारी मी लेसचा माल देऊन परत आले तर संपलेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. शेवटच्या अंघोळीला वर्षाकडून दोन हंडे आणले. घरात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून द्यायचं असतं, आमच्याकडे ओतायला होतंच कुठे. पिंपसुद्धा कोरडं होतं.

आज हे का लिहिलं माहीत नाही. रिपोर्टमध्ये याला रकाना नाही.

१८ फेब्रुवारी

संतोषीनगर लालेलाल. माझ्याकडच्या जवळजवळ सगळ्या घरांना टिंब आहे. ऑफिसातले साहेब म्हणाले, पाईप फुटला असणार. उद्या गल्ली खोदणार.

२१ फेब्रुवारी

गल्ली खोदली. पाईप ठणठणीत. आता गल्लीला खड्डा आहे आणि खड्ड्यात वर्षाची बकरी.

२४ फेब्रुवारी

प्रियाताई भल्या सकाळी आल्या. त्या आमच्या सुपरवायझर. घरचे यवतमाळचे, पण शिक्षण सगळं इथलं. गटाराजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नूतनताई, तुमच्या गल्लीचं गटार इतकं स्वच्छ काहून आहे?"

मी म्हटलं, आमच्याकडे सगळे स्वच्छ आहेत.

तेवढ्यात वर्षा हंडा घेऊन बाहेर आली आणि हंडाभर पाणी गटारात उलटं केलं. मग समोरची. मग तिच्या पलीकडची. मग आमच्या आत्याबाई, दोन हंडे आणि माठ. सगळ्या जणी कालचं पाणी ओतून आत गेल्या आणि ताजं भरायला लागल्या. प्रियाताईंनी डोक्याला हात लावला. "अहो, पिण्याचं पाणी आहे ते! फेकून काहून राहिल्या?"

"शियं शे ना," वर्षा म्हणाली.

मी जन्मापासून हे बघते. लग्नाआधी स्वतः केलंय. रोज सकाळी कालचं शिळं पाणी टाकायचं, ताजं भरायचं. पूर्वी तासभरच पाणी, त्यामुळे फेकायलाही थोडंच असायचं. आता नळ अखंड, मग काय, हात सैल. मला हे पाणी वाया घालवणं आहे असं वाटलंच नव्हतं. साहेबांनी गल्ली खोदली तेव्हाही वाटलं नाही.

१ मार्च

पाच दिवस एकच पाठ म्हणते आहे. पाणी शिळं होत नाही. वर्षा भांडली. "भाकर शियी व्हस, भाजी शियी व्हस, मंग पानी काय अमृत शे का?"

शेवटी प्रियाताईंनी बायकांना सांगितलं, नळातलं पाणीसुद्धा पाईपात रात्रभर पडूनच असतं, म्हणजे तेही शिळंच.  एक म्हातारी म्हणाली, मग आम्ही प्यायचं तरी काय? पण पटलं. भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतलं, 'पानी शियं व्हत नही.'

आत्याबाई भिंतीसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, वाचून दाखव. दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग घरी गेल्या आणि त्या दिवसापासून हंडे, माठ ओतायचं बंद केलं. सगळ्या गल्लीत सर्वांत आधी त्यांनीच ऐकलं.

९ मार्च

एकेक टिंब हिरवं होत गेलं. आज एकच लाल उरलं आहे. आमचं.

वर्षा म्हणाली, दिव्याखाली अंधार. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने वांग्याची भाजी आणून दिली.

११ मार्च

पंडित प्लंबर येऊन गेला. नळ बघितला, मोरीतला पाईप बघितला, ओट्याखाली हात घालून बघितला. म्हणाला, वहिनी, थेंब नाही गळत. मीटरला वेड लागलंय. मीटर बदललं.

१४ मार्च

नवं मीटर लावूनही लालच. मशीन सांगतं, तिघांच्या मानाने एका माणसाचं पाणी जास्त जातं आहे. बरोब्बर एका माणसाचं.

मी सकाळी फेरीला निघते तेव्हा नळ बंद असतो. संध्याकाळी येते तेव्हाही बंद. स्वाती शाळेत. घरी फक्त आत्याबाई. त्यांना विचारलं, दिवसा नळ चालू राहतो का? म्हणाल्या, नही.

१७ मार्च

प्रियाताईंनी बाजूला घेतलं. महिनाअखेरीला दिल्लीची टीम बघायला येणार आहे. त्याआधी प्रत्येक जलसखीचा भाग हिरवा पाहिजे. म्हणाल्या, "ताई, मला बोलायला बरं नाही वाटत. पण तुमच्याच घरची गळती राहिली तर मी तुम्हाला कामावर ठेवू कशी? वरून विचारून राहिले."

मी हो म्हटलं. पोटात भीती वाटायला हवी होती. काम गेलं तर परत लेस, आणि लेसवर तिघांचं भागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भीती वाटली नाही. स्वातीचे पप्पा गेल्यापासून आत कोणीतरी बोर्डाचा खटका बंद करून ठेवलाय.

१८ मार्च

आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. उपास आहे का विचारलं तर मान हलवली. कसला ते सांगितलं नाही.

स्वातीने एक चांगली सवय लावून घेतली आहे. पप्पांच्या फोनवर येणारे मेसेज आजीला मोठ्याने वाचून दाखवते. तिची शाळा गुजराती, घरात अहिराणी, टीव्ही हिंदी, त्यामुळे वाचताना तिन्हीची खिचडी होते. पण वाचते हे महत्त्वाचं.

२० मार्च

जेवताना आत्याबाईंनी अचानक विचारलं, "सरकारले माफी मांगता येस का?"

मला वाटलं पाण्याच्या बिलाबद्दल विचारतात. म्हटलं, येते, अर्ज करावा लागतो.

"कोनाना नावना?"

"ज्याचं कनेक्शन त्याच्या नावाचा."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. बाहेर जाऊन पिवळ्या पेटीसमोर बसल्या. आतली चकती स्थिर होती. तरी त्या बघत होत्या.

२४ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

बमरोलीकडे ऑफिसचं काम होतं, ते रद्द झालं. सकाळची फेरी आटपून मी मधूनच घरी आले. गल्लीतला खड्डा बुजवत होते, त्या धुळीने माझे केस आणि भुवया पांढऱ्या झालेल्या. दार लोटलेलं होतं.

मोरीत बादली काठोकाठ भरलेली. बादलीवर तांब्या. बाजूला साबणाची वडी, तीही नवी. दांडीवर पप्पांचा टॉवेल, निळ्या पट्ट्यांचा. तो मी पेटीत ठेवला होता. पेटी उघडायची राहिली असं मी म्हणत होते आणि आत्याबाई ती केव्हाच उघडून बसल्या होत्या.

आत्याबाई मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. रातपाळीचे लोक सुटून यायची ही वेळ. गल्लीतून दोघेतिघे गेले, अंगावर सुताची तुसं, चपला फरफटत.

मी विचारलं, "आत्याबाई, हाई पानी कोनासाठे?"

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिनले मीच पानी फेकं. शियं व्हतं म्हनीसन. पिंप बी ओतं. नळ येवावच व्हता ना. आनि नळ उनाच नही."

मला आठवलं, ओतायला पाणी होतंच कुठे. कुठे गेलं होतं ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.

"पानी उनं का आंग धोसू, म्हने. आंगभर तुसं. तसाच झोपना." त्यांनी बादलीवरचा तांब्या सरळ केला. "मंग उठनाच नही."

दुपारपर्यंत ती बादली तशीच राहते. मग ओतून देतात. ज्या बाईने माझ्या सांगण्यावरून माठातलं पाणी ओतणं सोडलं, ती ही एक बादली रोज ओतते. दुसऱ्या दिवशी परत ताजी. बादली, आणि लेकाच्या चहाचं, प्यायचं म्हणून एक तांब्या वेगळा. रोज, न चुकता.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? त्यांनी कमरेच्या पिशवीतून पप्पांचा फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "सरकारनं मना चेतनले कागद धाडा. स्वातीनी वाचा. तुमना घरमा गलती शे, म्हने. लवकर दुरुस्त करा." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "सरकारले बी मालूम पडनं. आते कशी दुरुस्त करू, माय?"

मला समजायला वेळ लागला. स्वातीने 'गळती' वाचलंच नव्हतं. टीव्हीवरचं हिंदी वाचलं होतं, गलती. चूक. आणि हे मेसेज मीच पाठवायला सांगत होते, रोज संध्याकाळी, लाल टिंबावर बोट ठेवून.

मी म्हटलं, "गलती नही, आत्याबाई. गयती. पानीनी गयती."

आत्याबाई म्हणाल्या, "एकच शे."

मग उठल्या. ऊन वर आलं होतं. रातपाळीवाले येऊन गेले होते. आत्याबाईंनी बादलीची कडी धरली, ओतायला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, की तुमची चूक नाही, पाण्यावाचून कोणी जात नाही, डॉक्टर काय म्हणाले ते आठवा. हे सगळं खरं आहे.  मी बादलीची दुसरी बाजू धरली.

"फेकू नका. मी आंग धोस."

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे, धुळीच्या ॲप्रनकडे बघितलं, जणू मला आत्ताच पाहिलं. कडी सोडली. "धोई ल्हे," म्हणाल्या.

दार लावून मी त्या पाण्याने अंघोळ केली. नव्या साबणाने. टॉवेल त्यांनीच दारावरून आत दिला.

२५ मार्च

सकाळी अंघोळ न करता फेरीला गेले. वर्षा म्हणाली, पारोसी जलसखी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी म्हटलं, हो, कोरडीच आहे.

परत आले तेव्हा बादली भरलेली होती. आत्याबाई म्हणाल्या, "आंग धोई ल्हे. पानी काढेल शे."

२७ मार्च

तसंच. आज त्यांनी पाण्यात कडुलिंबाची पानं टाकली होती. धुळीने अंग खाजतं म्हणून. दोघी जेवायला बरोबर बसलो. त्या एक भाकरी पूर्ण जेवल्या.

स्वातीला मेसेज वाचू नको म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं. म्हटलं, मोठी झाल्यावर.

३० मार्च

संध्याकाळी प्रियाताईंचा फोन. "नूतनताई, झालं! तुमचं घर हिरवं झालं. काय सापडलं शेवटी?"

म्हटलं, एक बादली होती.

त्या म्हणाल्या, बरं झालं, उद्या टीम येऊन राहिली. आता तुमचं काम पक्कं समजा. मी आभार मानले.

मग मोबाईल उघडून बघितलं. आमच्या घरासमोर हिरवं टिंब. खाली लिहिलेलं, माणसं तीन, वापर तिघांचा, बरोबर. पप्पांच्या फोनवरही मेसेज आला. तो मी स्वातीच्या आधी वाचला. 'श्री चेतन पाटील, तुमच्या घरातली गळती थांबली आहे. अभिनंदन.'

जानेवारीत मी स्वतःच्या हाताने तीन लिहिलं होतं. तरी हे मशीन दीड महिना म्हणत होतं की इथे चौथा माणूस राहतो, त्याला पाणी लागतं. सगळ्या ऑफिसला ते दिसत होतं. पंडितने मीटर बदललं तरी दुसरं मीटरही तेच म्हणालं. आज ते म्हणत नाही. मी त्याची बादली घेतली आणि तो गेला.

चेतन. हे नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आज डायरीत लिहिते. चेतन गेला.

मी मोरीत गेले, दार लावलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला आणि खाली बसले. सप्टेंबरापासूनचं सगळं आलं. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. बादली भरली, वाहायला लागली, पाणी पायांखालून गटाराकडे चाललं होतं आणि मला उठता येत नव्हतं.

बाहेरून स्वाती ओरडली, "मम्मी! नळ चालू छे! मीटर फरे छे!"

 तिने दार वाजवलं. "मम्मी, परत लाल थई जशे! आजी, मम्मीले सांग ना!"

मग आत्याबाईंचा आवाज आला, अगदी दाराशी. म्हणजे त्या उंबऱ्यावरच बसलेल्या होत्या.

"फिरू दे," त्या स्वातीला म्हणाल्या. "आज फिरू दे."